दुसरा दम

सरूबाईने पाणी आणलं ते काचेच्या पेल्यातून, आणि पेल्याखाली बशी होती. बन्सीने पुढे केलेला हात तसाच राहिला. हा पेला तो ओळखत होता. निळ्या फुलांचा संच होता तो, कुठल्याशा दिवाळीला त्यानेच गुलमंडीच्या बाजारातून आणलेला, कोणी आलंगेलं तर असावा म्हणून. घरातलं माणूस त्याला हात लावत नसे. सोयरेधायरे, घरमालक, एकदा विम्याचा साहेब, अशांसाठी तो फळीवरून खाली यायचा आणि ते गेले की धुऊनपुसून परत फळीवर जायचा. आज तो बशीसकट बन्सीपुढे आला होता, आणि आणणाऱ्या बायकोला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिने पदराने कपाळ टिपलं, चौकटीला टेकून जरा उभी राहिली आणि पाहुण्याला विचारतात त्याच सुरात विचारलं, "कवा निघायचं?" बन्सीच्या पायातले बूटही अजून सुटले नव्हते. "आज संध्याकाळी," तो म्हणाला. "काचीगुडा गाडीनं. परभणीला." "व्हय का," ती म्हणाली. "मंग भाकरी बांधून देते." एवढं बोलून ती आत गेली. बन्सीने पाणी प्यायलं, बशी हातात धरून. पाणी रोजचंच होतं, उस्मानपुऱ्याच्या नळाचं, पण घशाखाली उतरताना ते त्याला परगावच्या पाण्यासारखं लागलं.

परगावच्या पाण्याचं त्याचं एक शास्त्र होतं. सामन्याच्या गावात उतरला की पंचाने पाणी पिण्याआधी विचारायचं, हे घर कोणाचं. खेळणाऱ्या दोन्ही संघांपैकी कोणाचं सोयरंधायरं निघालं तर घशाला कोरड पडली तरी पेल्याला हात लावायचा नाही. जेवण शाळेच्या मास्तरांकडे नाहीतर देवळात, आणि सामना होईस्तोवर कुणाशी दोन शब्दांपलीकडे तिसरा नाही. हे नियम कुठल्या पुस्तकात नव्हते. बन्सीने आणि त्याच्या जोडीचा पंच चांदपाशाने ते आपल्यापुरते घालून घेतले होते, आणि म्हणूनच बीडपासून नांदेडपर्यंत, इकडे नगर, तिकडे बार्शी, जिथं कबड्डीचं मैदान आखलं जाई तिथून त्यांना बोलावणं येई. लोक त्याचं आडनाव विसरले होते. बन्सी पंच म्हटलं की पुरे. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरीचे कामगार कोणी चिकलठाण्याच्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले, कोणी भाजीची गाडी लावली. बन्सीपाशी गिरणीच्या संघातून खेळलेली वर्षं होती, पंचाच्या परीक्षेचा दाखला होता आणि कान होता. त्याने शिट्टी गळ्यात घातली आणि पिशवी उचलली ती आजतागायत खाली ठेवली नव्हती. शाळांचे सामने संपले की जत्रा, जत्रा सरल्या की गणेशमंडळं, गणपती बुडाले की पुन्हा शाळा. मानधन मिळे, त्यातलं खाण्यापुरतं ठेवून बाकीच्याची तो मनीऑर्डर करी. वर नारळ, टॉवेल, टोपी. घरात टॉवेलांची चळत इतकी वाढली होती की सरूबाईने त्यांच्या गोधड्या शिवल्या, पायपुसणी केली, शेजारणींच्या बाळंतपणाला वाटले, तरी ते सरत नव्हते. ती चेष्टेने म्हणायची, लोकाचा नवरा पगार आणतो, माझा अंग पुसायची सोय आणतो. म्हणायची. आता हल्ली म्हणत नव्हती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

तो उठला आणि बूट काढून खोलीत फिरू लागला. बसणं त्याला जमत नसे. मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेरून, चढाई करणाऱ्याच्या बरोबरीने मागेपुढे सरकायची पायांना सवय लागली होती, ती खोलीतही सुटत नव्हती. चटईच्या कडेने तो चाले, चटईवर पाय न देता. सरूबाई कधीतरी म्हणाली होती, आवं, चटईवरनं चाला की, ती बसाया-चालायाचीच असती. तेव्हा तो हसला होता. आता कडेकडेने चालत तो मांडणीपाशी आला आणि त्याने आपलं फुलपात्र शोधलं. पितळेचं होतं ते, जाड बुडाचं. गिरणीच्या मैदानावर मुंबईकडच्या एका तगड्या संघाला हरवलं त्या साली बक्षीस मिळालेलं, अंगावर नाव कोरलेलं. घरी असला की तो त्यातूनच पाणी पीत असे, इतकी वर्षं, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. ते मांडणीवर नव्हतं. तांब्यामागे नव्हतं, डब्यांच्या आड नव्हतं. आत सरूबाई भाकऱ्या थापत होती, थापण्याचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. विचारावं असं त्याच्या मनात आलं, आणि ओठापर्यंत येऊन परत गेलं. काय विचारणार? माझं भांडं कुठं आहे? हे घरधन्याने विचारायचं असतं, पेल्याने पाणी प्यायलेल्या माणसाने नाही. मोडीत घातलं असेल, त्याने मनाशी ठरवून टाकलं, नाहीतर दिलं असेल कोणाला त्या टॉवेलांबरोबर. आणि ठरवल्यावर त्याला राग आला, आणि रागाला जागा खोलीत पुरेना, म्हणून तो शिट्टीची दोरी आणतो असं म्हणून जिना उतरला.

दोरी उस्मानपुऱ्यातही मिळाली असती. पण पाय निघाले ते गुलमंडीकडे निघाले. ऊन तिरपं व्हायला लागलं होतं, दुकानांपुढे पाणी मारलेलं होतं. रस्त्याच्या मधून गर्दी वाहत होती आणि बन्सी गटारीच्या कडेने चालला होता, नाकासमोर बघत. आपण असे कडेने चालतो हे त्याला आज पहिल्यांदा खुपलं. पंच म्हणजे रेषेबाहेरचा माणूस. रेषेच्या आत चौदा जणांची झोंबाझोंबी, हाडं मोडतात, वैरं जुळतात, जिंकणारा खांद्यावर चढतो. पंच आत पाय टाकत नाही. त्याच्यावाचून खेळ चालत नाही आणि खेळात तो कुठंच नाही. हे त्याला एके काळी लई भारी वाटायचं. दोन गावांत कुऱ्हाडी निघायची वेळ आली तरी बन्सीने हात वर केला की निकाल लागला. सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही, असा माणूस व्हायला मोठी ताकद लागते, असं तो चांदपाशाला गाडीत सांगायचा, आणि चांदपाशा विडी विझवत म्हणायचा, "हौ जी, बड़ी ताकद. घर में बीवी बोलती, ये कौन आया?" आणि दोघे हसायचे. आज त्याला हसू आलं नाही. सरूने विचारलं नव्हतं हा कोण आला. तिने नुसता पेला पुढे केला होता. पाहुणा एक दिवस, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. बन्सी अक्कलवान पाहुणा होता, दुसऱ्या दिवसापलीकडे तो कधी राहिलाच नव्हता.

तो भांड्यांच्या दुकानापुढे थांबला. आत नाव कोरायचं यंत्र घेऊन एक म्हातारा बसला होता, डोळ्याला भिंग लावून. बन्सीने पितळेचं एक फुलपात्र हातात घेतलं, बूड ठोकून पाहिलं. चांगलं होतं. म्हाताऱ्याने भिंग वर केलं. "नाम डालूँ?" बन्सी हो म्हणाला. "किसकी तरफ से किसकू?" म्हातारा म्हणाला आणि यंत्राची सुई पुसू लागला. भांड्यावर अमक्याकडून तमक्यास असं असतं, मामाकडून भाचीस, मंडळाकडून खेळाडूस. स्वतःकडून स्वतःस असं कोणी कोरून घेतं का? "रहने दो चच्चा," तो म्हणाला आणि भांडं ठेवून निघाला. मागे यंत्र कुरकुर करत दुसऱ्या कुणाचं नाव कोरू लागलं. त्याला आपल्या जुन्या भांड्यावरची अक्षरं आठवली, थोडी वाकडी, शेवटची वेलांटी लांबलेली. ते बक्षीस मिळालं तेव्हा सरू मैदानावर होती. गिरणीतल्या बायकांबरोबर दोरीच्या पलीकडे बसली होती, डोक्यावरून पदर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याने शेवटची चढाई केली ती लांबलचक, दम खोल भरून, आणि मध्यरेषेला हात टेकून परत आला तेव्हा मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. घरी आल्यावर ती म्हणाली, "मला चक्करच आली बगा." त्याने विचारलं, का? "तुमी आत गेला की मी बी दम धरते. तुमी परत येता का नाय, म्हणून. आज लईच उशीर लावला." तो हसत सुटला होता. तेव्हा तिचाही दम लांब होता म्हणायचा. तो पंच झाल्यावर ती कधी मैदानावर आली नाही. पंचाकडं काय बघायचं, म्हणायची, तुमी तर काठानंच पळता.

दम. त्याचं सगळं पोट या एका गोष्टीवर चाललं होतं. चढाई करणारा कबड्डी कबड्डी म्हणत दुसऱ्याच्या अंगणात शिरतो तो एका दमात, आणि दम तुटला की बाद. तुटतो तो मोठ्याने नाही तुटत. दोन शब्दांच्या मध्ये केसाएवढी फट पडते, खेळाडू चोरून हवा ओढतो आणि पुढचा शब्द तसाच रेटतो. हलगी वाजत असते, लोक ओरडत असतात, तरी ती फट बन्सीला ऐकू येई. संशय असला तर तो समोरच्या बाजूला चांदपाशाकडे बघे. चांदपाशानेही ऐकलं असलं तर तो कानाची पाळी चिमटीत धरी, खाजवल्यासारखी. एवढीच खूण, जगात कुणाला ठाऊक नसलेली. मग बन्सीचा हात वर. खेळाडू पाया पडायचे, मी तयार नव्हतो, परत घेतो म्हणायचे, एकदा तर एक पोरगा रडला होता. बन्सीने कधी कुणाला दुसरा दम दिला नाही. एकदा दिला की मग खेळ कसला.

हा कान त्याला एकदा फार महागात पडला होता, आणि ती गोष्ट आज त्याला नको होती, तरी ती आलीच. गावी बाप शेवटच्या घटका मोजत होता. बाजेभोवती माणसं बसली होती, थोरला भाऊ रामकिसन पायाशी, बाया आत, सरू दाराशी. बापाचा श्वास ओढून ओढून येत होता, थांबे, पुन्हा येई, आणि सगळे बोलत होते, कोणी देवाचं नाव घेत होतं, कोणी शेताचं. बन्सी बोलत नव्हता. तो ऐकत होता. दोन श्वासांच्या मध्ये फट पडली, आणि त्याला कळलं ही परत भरायची नाही, आणि कोणाला काही कळायच्या आत त्याचा उजवा हात वर गेला. सरळ, डोक्याच्या वर, पंजा उघडा. त्याने नेला नव्हता, तो गेला होता. रामकिसनने पाहिलं. खोलीत अशी शांतता झाली की बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकू आली. तेव्हा सरू दारातून धावत आली, सासऱ्याकडे न जाता त्याच्याकडे आली, तिने तो वर गेलेला हात दोन्ही हातांनी धरून खाली ओढला आणि आपल्या पदराखाली दाबून ठेवला. पुढे कितीतरी दिवस गावात लोक म्हणत होते, बन्सीनं बापाला बाद दिलं. रामकिसन त्यानंतर त्याच्याशी सणासुदीपुरता बोलला. आणि बन्सीने हंगाम आणखी लांबवला, जिथं पूर्वी नाही म्हणे तिथलीही बोलावणी घेऊ लागला. मैदानावर हात वर गेला तर निदान त्याचा अर्थ ठरलेला असतो. घरात त्याला आपल्या हाताची भीती वाटे. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, सरूला तर नाहीच, आणि तिला हे माहीत होतं असं त्याला नेहमी वाटायचं.

घराच्या बोळात शिरला तेव्हा खालच्या नळाला पाणी आलेलं होतं, घागरींची रांग होती. जिन्याचं दार उघडंच होतं. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून आवाज आला. वळणाच्या पलीकडे, दिसत नव्हतं अशा जागी, कुणीतरी चढत होतं. घागरीतलं पाणी डुचमळत होतं. श्वास होता, मग नव्हता, मग भांडं पायरीवर टेकल्याचा आवाज, मग श्वास, आखूड, वरच्यावर, मागचा पुरता सुटायच्या आत पुढचा ओढलेला. बन्सी जिथल्या तिथं उभा राहिला. खाली बायका भांडत होत्या, रस्त्यावर कुल्फीवाला घंटा वाजवत होता, आणि त्या सगळ्या गलक्यातून त्याला तो श्वास एकट्याचा ऐकू येत होता. त्याचा कान तापला. घागर उचलली गेली. आणखी थोडं चढणं, पुन्हा टेकणं. हे म्हातारीचं चढणं होतं, पण वरच्या मजल्यावर म्हातारी कोणी राहत नव्हती. आणि मग त्याला कळलं की हा श्वास आपण आधी ऐकलेला आहे. दिवाळीत. याच जिन्यावर, ती पुढे आणि तो पिशवी घेऊन मागे. तेव्हाही फट पडली होती, त्याने ऐकली होती, आणि पंच जसा संशयाचा निकाल सोडून देतो तसा सोडून दिला होता, कारण दुसऱ्या दिवशी अंबडला सामने होते. त्याआधी? त्याआधी किती वेळा? मराठवाड्यातल्या पोरापोरांचा दम पारखून आलेला हा माणूस, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याला वर धावावंसं वाटत होतं आणि तितक्याच जोराने बोळातून बाहेर, स्टेशनवर, गाडीत बसावंसं वाटत होतं, जिथं दुसऱ्यांचे दम असतात. तो थोडा वेळ तिथंच राहिला, एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर. मग चढला.

सरूबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. घागर दाराशीच होती. डोळे मिटलेले, गळ्याजवळची कातडी आत-बाहेर होत होती, आणि तिच्या हातात त्याचं फुलपात्र होतं. त्याची चाहूल लागताच तिने ते पदराआड केलं आणि उठायला लागली.

"बस," बन्सी म्हणाला. "कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"दम."

"आवं, जिना चढलं की लागतोच की. वय काय थांबलंय का?" तिने घागरीकडे बोट केलं. "ती तेवढी आत घ्या. सांडंल."

त्याने घागर आत नेली, ठेवली, आणि परत येऊन तिच्यासमोर बसला. चटईवर, मधोमध. "सरू, बाकी कायबी सांग. दमाचं मला नको सांगू. दिवाळीला बी ऐकलं होतं मी."

तिने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. "ऐकलं होतं व्हय," ती म्हणाली. आणि मग, भाजीत मीठ कमी पडलं हे सांगावं तितक्या साधेपणाने सांगू लागली, मध्ये मध्ये थांबत. आडवं झोपता येत नाही. भिंतीला टेकूनच बसावं लागतं, नाहीतर छातीवर कुणी बसल्यागत होतं. पाय सुजतात. घोट घोट पाणी लागतं उशाशी. खालच्या नजमुन्निसाने आपल्या नणंदेचं असंच होतं म्हणून सांगितलं, घाटी दवाखान्यात दाखव म्हणाली, बरोबर यायलाही तयार होती, पण तिथं घरचं माणूस कोण म्हणून विचारतात.

"मंग मला सांगितलं का नाय?"

"कवा सांगायचं?" सरूबाई म्हणाली. "तुमी येता, आंघोळ करता, कापडं धुवाया टाकता अन् निघता. पाव्हण्यापुढं कुणी दुखणं काढतं व्हय?"

बन्सीला वाटलं होतं तिला पेल्याचं भान नव्हतं. तिला सगळं भान होतं. त्याने खाली पाहिलं. पदराआडून फुलपात्राची कड दिसत होती. "अन् ते माझं भांडं?"

तिने ते काढलं, अर्धं पाणी होतं त्यात. जराशी लाजली. "ह्याचं पाणी गार लागतं. अन् ह्यावर नाव हाय तुमचं. मला काय वाचाया येतंय? पर अंधारात बोटाला लागतं." तिने अंगठा त्या वाकड्या अक्षरांवरून फिरवला, शेवटच्या लांबलेल्या वेलांटीपर्यंत. "कुणी बसलंय जवळ असं वाटतं. तुमाला हवं तर धुऊन देते."

"नको," तो म्हणाला. त्याला आणखी काही म्हणायचं होतं. पण त्यासाठी त्याच्यापाशी शब्द नव्हते. शिट्टी होती, हात होता, आणि कान होता. बाकी त्याने काही कमावलंच नव्हतं. "सरू," तो म्हणाला, "कबड्डी म्हण बरं. एका दमात. बघू दे मला किती जातो."

तिने तोंडाला पदर लावला. "काय बाई तरी! म्हातारपणी कबड्डी. लोक काय म्हणतील?"

"म्हण. उद्या घाटीत जायचंय आपल्याला, सकाळी. मी घरचं माणूस म्हणून येणार. डॉक्टर काय सांगायचं ते सांगंल. मला माझ्या कानानं आधी ऐकू दे."

उद्या, असं तो म्हणाला आणि दोघांनाही ते ऐकू आलं. तिने दाराजवळच्या बांधलेल्या पिशवीकडे पाहिलं, भाकरीच्या फडक्याकडे पाहिलं. पाय पोटाशी घेऊन ती नीट बसली. मग एकदम गंभीर झाली. "म्हणते. पर हात वर नाय करायचा."

बन्सीने दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली घेतले आणि तो त्यांच्यावर बसला. तिने ते पाहिलं, आणि सुरुवात केली. कबड्डी कबड्डी कबड्डी, हलक्या आवाजात, पोरींनी परकर खोचून अंगणात म्हणावं तशी, डोळे त्याच्या डोळ्यांवर ठेवून. पहिले काही शब्द ठाशीव होते. मग एकाची कड पातळ झाली. पुढचा घसरला. आणि फट पडली. तिने चोरून हवा ओढली आणि पुढचा शब्द रेटला, मैदानावरची लबाड पोरं रेटतात तसाच, पण ती लबाडी करत नव्हती, तिला गेलेला दम परत यायला हवा होता. मांडीखाली बन्सीचा उजवा हात उसळला. त्याने तो तसाच दाबून धरला.

दाराशी सावली होती. चांदपाशा केव्हा जिना चढून आला होता कळलं नव्हतं. स्टेशनला जायला त्याने आणलेली रिक्षा खाली घरघरत होती. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून, एका हाताने दुखरा गुडघा धरून, तो आत बघत होता, आणि त्याचा दुसरा हात वर गेलेला होता. कानाची पाळी त्याने चिमटीत धरली होती. त्यालाही ते कळलं नसावं. बन्सीने त्याच्याकडे बघितलं, आणि दोघांनी जे ऐकलं होतं त्यावर आता दोघांत संशय उरला नाही. एका कानाने ऐकलेलं चुकीचं असू शकतं अशी एक वेडी आशा त्याने आत कुठंतरी धरली होती.

"हे धरू नका हां," सरूबाई म्हणाली. दोन्ही हात जमिनीला टेकून ती श्वास गोळा करत होती, आणि थोडी हसत होती. चांदपाशाला पाहून तिने पदर डोक्यावर घेतला. "मी तयार नव्हते. आधीच जिना चढून आले. परत घेते."

बन्सी चांदपाशाकडे बघत राहिला. चांदपाशाचा हात कानावरून हळूहळू खाली आला. तो जिन्याकडे वळला आणि वाकून हाक दिली, "जाव भई, सवारी नहीं है." रिक्षा थोडा वेळ घरघरली आणि बोळातून निघून गेली. "परभणीकू मैं फोन कर देता," तो पुटपुटला, "दूसरे पंच देख लेंगे." मग गुडघा सांभाळत तो उंबऱ्यावर खाली बसला, आणि डोळे मिटून घेतले.

"घे," बन्सी म्हणाला. "परत घे."

सरूबाईने फुलपात्रातला एक घोट घेतला, भांडं दोघांच्या मध्ये ठेवलं, आणि खांदे वर उचलत, आत मावेल तेवढा श्वास भरून घेतला. मांड्यांखालचे हात बन्सीने काढले नाहीत. तिने पहिला शब्द उच्चारला, आणि तिच्याबरोबर त्यानेही आपला दम धरला.